सगळ्याच केसेस घेणाऱ्या वकिलानं दिवस कसा काढायचा: नागपूर कोर्टातल्या नव्या पोट्टेपोट्टींसाठी

सनद मिळाली, एआयबीई ही बारची परीक्षा पास झाली, काळ्या कोटात फोटो काढून झाला, घरच्यांनी पेढे वाटले, आता सोमवारी अकरा वाजता सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात जाऊन नेमकं करायचं काय हे कॉलेजात कोणीच सांगत नाही. मलाही नव्हतं सांगितलं. चौदा वर्षं झाली इथं जनरल प्रॅक्टिस करून राहिलो, म्हणजे सकाळी चेक बाउन्स, दुपारी नवराबायकोची पोटगी, मग प्लॉटचा झगडा, आणि रात्री दहाला कोणत्यातरी पोलीस ठाण्यातून 'वकीलसाहेब, भाच्याले उचललं' असा फोन. एकच कायदा पाठ करून आपलं भागत नाही. पण एक गोष्ट मला फार उशिरा समजली ती आधीच सांगून टाकतो. तारखा दोन प्रकारच्या असतात, एक कोर्ट देतं ती आणि एक कायदा देतो ती. कोर्टाची चुकली तर अर्ज द्या, कॉस्ट भरा, थोडी बोलणी खा, गाडी परत लागते. कायद्याची चुकली तर बऱ्याचदा केसच संपते, आणि तुम्ही कितीही चांगले बोलणारे असा, तिथं बोलायला कोणी उभंच करत नाही.

म्हणून पहिलं काम डायरी. कागदाची, जाड पुठ्ठ्याची. ई-कोर्ट्सचं ॲप तर ठेवाच, केसचा १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकला (नागपूरचे एमएचएनजीनं सुरू होतात) की पुढची तारीख, स्टेज, ऑर्डर सगळं दिसते, आधीसारखं शिरस्तेदाराच्या टेबलासमोर ताटकळायला लागत नाही. पण ॲप फक्त कोर्टाची तारीख दाखवते. चेकच्या नोटीसचा शेवटचा दिवस, अपिलाची मुदत, लेखी जबाबाचे तीस दिवस, हे कोणतंच ॲप सांगत नाही, ते आपल्यालाच मोजावं लागते. मी कोर्टाची तारीख निळ्या पेननं लिहितो, कायद्याची लाल पेननं, आणि लाल तारीख तीनदा लिहितो: पंधरा दिवस आधी, आठवडाभर आधी आणि त्या दिवशी. माझा क्लार्क हसायचा आधी. आता तोच लाल पेन विकत आणून ठेवतो.

हे शहाणपण फुकट नाही आलं. प्रॅक्टिसचं तिसरं वर्ष होतं, इतवारीकडचा एक व्यापारी चेक रिटर्न मेमो (चेक परत केल्याची बँकेची चिठ्ठी) घेऊन आला, रक्कम बऱ्यापैकी होती. मी मोठ्या रुबाबात म्हटलं की तीस दिवस आहेत, आरामात नोटीस पाठवू. चूक काय झाली, तर मी तीस दिवस तो माझ्याकडे आला त्या तारखेपासून धरले, मोजायचे होते बँकेकडून चेक परत आल्याचं त्याला समजलं तेव्हापासून. नोटीस गेली तेहतिसाव्या दिवशी. तक्रार दाखल करायला उशीर झाला तर कोर्ट कारण बघून माफ करू शकतं, नोटीसचा उशीर माफ करायची सोयच कायद्यात नाही. चेक परत बँकेत टाकून नव्यानं मुदत मिळवता आली असती, पण चेकचे तीन महिने पण तोपर्यंत उलटून गेले होते. चेक बाउन्सचं कलम १३८ गेलं ते गेलंच. चूक लक्षात आली त्याच संध्याकाळी मी त्याच्या दुकानात जाऊन सांगितलं की काका, माझ्याकडून चुकलं, फी परत केली आणि पैसे वसुलीचा दिवाणी दावा, ज्याला तीन वर्षांची मुदत असते, तो एक रुपया न घेता लावला. ते दोन मिनिटं काहीच बोलले नाही. मग म्हणाले, "चहा घ्या." मला तो चहा अजून गिळवत नाही.

तर चेकचं गणित एकदा आकड्यांत बघून घ्या, कारण जनरल प्रॅक्टिसमध्ये सगळ्यात जास्त हेच येते. समजा चेक ५ जानेवारीचा आहे. तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकायचा, टाकला २० मार्चला. २३ मार्चला परत आला आणि त्याच दिवशी अशिलाला समजलं. तो दिवस सोडून तीस दिवस, म्हणजे २२ एप्रिलपर्यंत नोटीस निघालीच पाहिजे. समोरच्याला ती मिळाली २६ एप्रिलला, की तिथून त्याला पंधरा दिवस पैसे द्यायला, म्हणजे ११ मेपर्यंत. त्याच्या आत तक्रार टाकली तर घाई झाली म्हणून उडते, हे पण होते बरं का. ११ मे गेली, पैसे आले नाही, की पुढे एक महिना तक्रारीसाठी. मी डायरीत लाल पेननं जूनचा पहिलाच आठवडा लिहितो, शेवटच्या दिवसापर्यंत ताणतच नाही, कारण शेवटच्या दिवशी ई-फायलिंगचं सर्व्हर बसते, प्रिंटर बसतो, नाहीतर अशिलाच्या घरी कोणाचं तरी लग्न असते. आणि मेमोची तारीख, पोस्टाची पावती, नोटीस पोचल्याचा ट्रॅकिंग रिपोर्ट हे तिन्ही त्याच दिवशी फायलीत लावा. ट्रॅकिंग काही महिन्यांनी वेबसाइटवर दिसत नाही, मग उलटतपासणीत घाम फुटतो.

दिवाणीत समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी जबाब, कोर्टानं कारण लिहून वाढवले तर ९० पर्यंत. साध्या दाव्यात ९० नंतर पण कॉस्ट भरून कधीकधी घेतात, कमर्शिअल दाव्यात १२० च्या पुढे दारच बंद. निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका, जिंकलो तरी टाका, नक्कल मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो पण अर्ज टाकला असेल तरच ना. आणि कोणाचा पोरगा अटकेत असेल तर चार्जशीटचे दिवस मोजा, गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९०, पहिल्या रिमांडचा दिवस धरून. तेवढ्यात चार्जशीट नाही आली तर जामीन हा हक्कच आहे, पण चार्जशीट यायच्या आधी अर्ज दिला पाहिजे, एक दिवस झोपलो तर हातातला जामीन जातो.

आता सकाळ. साडेदहाला पोचायचं. आदल्या रात्री बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघून कोणता मॅटर कोणत्या कोर्टात, कितव्या नंबरला, हे एका चिठ्ठीवर उतरवून खिशात. जज रजेवर असतील तर ते सकाळीच समजते, मग अशिलाला अर्ध्या रस्त्यातून परत पाठवता येते, नाहीतर तो रामटेक-उमरेडवरून एसटीनं दिवस पाडून येतो आणि पुढची तारीख घेऊन जातो आणि गावात सांगतो की वकीलच झोपला होता. दोन मॅटर एकाच वेळी दोन मजल्यांवर पुकारले जातात हे रोजचंच. त्याला उपाय एकच, माणसं. बाजूच्या वकिलाला "भाऊ, माझं पुकारलं तर पास ओव्हर सांगजो" (म्हणजे थोड्या वेळानं परत पुकारायला) म्हणता आलं पाहिजे आणि त्याच्यासाठी तुम्ही दहा वेळा उभं राहिलेलं असलं पाहिजे. शिरस्तेदार, शिपाई, पैरवीचा (कोर्टात पोलिसांचं काम बघणारा) हवालदार यांच्याशी नीट बोला, पैसे देऊन नाही, नीट बोलून. त्यांनाही दिवसभर शंभर लोक ओरडत असतात.

बहुतेक तारखांना काहीच होत नाही हे मान्य करून टाका. समोरचा वेळ मागतो, साक्षीदार येत नाही, कोर्टाचं बोर्ड भरलेलं असते. नवीन मुलं अशा दिवशी चहाच्या टपरीवर जातात आणि तर्री पोहे खाऊन घरी. मीही जायचो. पण रिकाम्या तारखेला कोर्टाची फाइल बघायचा अर्ज देऊन फाइल उघडा, त्यात काय काय सापडते! समन्स का लागलं नाही हे बेलिफाच्या अहवालात एका ओळीत लिहिलेलं असते: 'पत्ता अपूर्ण', 'घर बंद', 'सदर इसम राहत नाही'. अर्धं नागपूर लेआउटांचं, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्यांचं आहे, 'हनुमान मंदिराजवळ' असा पत्ता दिला तर बेलिफ कोणत्या हनुमान मंदिराजवळ जाणार? प्लॉट नंबर, लेआउटचं नाव, घरमालकाचं नाव, मोबाइल नंबर, एवढं देऊन दुसऱ्याच दिवशी नव्या समन्सचा भत्ता भरा. माझ्या एका पोटगीच्या प्रकरणात सव्वा वर्ष समन्स लागत नव्हतं, नंतर दिसलं की पहिल्याच अर्जात प्लॉट नंबरचे आकडे उलटे टाइप झाले होते. टाइप कोणी केले होते? मीच.

आणि रिकाम्या तारखेच्या संध्याकाळी अशिलाला मेसेज करा. काहीच झालं नसेल तर तर नक्की करा. असा: "काकाजी नमस्कार, आज आपल्या केसमध्ये समोरच्या वकिलांनी वेळ मागितला, कोर्टानं शेवटची संधी म्हणून दिली. पुढची तारीख १८. तुम्हाला यायची गरज नाही. भाडेपावत्या शोधून ठेवा." एवढंच. यात काय झालं आहे, कधी आहे, यायचं की नाही आणि त्यानं काय करायचं, हे चारही आहे. माझे जुने अशील मी किती केसेस जिंकलो ते सांगत नाही कोणाला, 'वकील फोन उचलते' एवढंच सांगतात आणि त्यावर पुढचा अशील येतो. आपल्याला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे, त्यामुळे आपली जाहिरात हीच.

नवीन अशील आला की पहिला अर्धा तास कायदा बोलू नका. त्याला बोलू द्या. थैलीतले कागद टेबलावर उलटे करायला सांगा, सगळे, त्याला बिनकामाचे वाटतात ते पण. "वकीलसाहेब, केस एकदम सोपी आहे" असं म्हणणाऱ्याजवळ जरा जास्त थांबा. मग विचारा, समोरचा काय म्हणणार? हा प्रश्न लोकांना आवडत नाही पण खरी केस त्याच्या उत्तरात असते. मग विचारा, आधी कोणती नोटीस आली होती का, कुठं सही केली होती का, पोलिसात काही दिलं होतं का. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणतात, "हौ, एक स्टॅम्प पेपर झालता, पण तो काही नाही." तो स्टॅम्प पेपरच सगळं असतो.

प्लॉटच्या बाबतीत तर आपल्या शहराची स्वतःची भाषा आहे, ती पुण्यामुंबईच्या पुस्तकात मिळत नाही. आखीव पत्रिका (सिटी सर्व्हेचा उतारा) मागा, नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यास) प्लॉट नियमित केल्याचं आरएल लेटर आणि डिमांड भरल्याची पावती मागा, जमीन नझूलची (सरकारी) असेल तर लीज कधीपर्यंत आहे ते बघा, शेतजमिनीवर पाडलेला लेआउट असेल तर सातबारा आणि एनएची (बिगरशेतीची) ऑर्डर. सोसायटीनं एकच प्लॉट दोघांना विकला असं प्रकरण दर थोड्या दिवसांनी येतेच, दोघांकडे रजिस्ट्री असते आणि तिसराच कंपाउंड मारून बसलेला असतो. अशा वेळी सब-रजिस्ट्रारकडे सर्च (जुन्या नोंदींचा शोध) घेतल्याशिवाय एक ओळ ड्राफ्ट करू नका. ताबा कोणाचा हे स्वतः जाऊन बघा, फोटो काढा. मनाईहुकुमाच्या अर्जात 'वादी ताब्यात आहे' असं लिहून मोकळं व्हायचं आणि नंतर दिसायचं की तिथं समोरच्याची म्हैस बांधली आहे, हे खरंच झालं आहे माझ्यासोबत.

फीचं आधी बोला. पहिल्याच दिवशी, कागदावर. आपल्याला लाज वाटते, मलाही वाटायची, मग वर्षभर केस चालवून दिवाळीला पाचशे रुपये आणि चिवड्याचा डबा मिळायचा. मी टप्पे करतो: नोटीस, दावा दाखल, अंतरिम अर्ज, पुरावा, युक्तिवाद. प्रत्येक टप्प्याआधी पैसे, पावतीसह. कोर्ट फी, स्टॅम्प, टायपिंग, नकला हा खर्च वेगळा लिहा. साधा स्टॅम्प पेपर २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभरचा पाचशेवर गेला, ते अशिलाला आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर त्याला वाटते वकिलानं चारशे खाल्ले. 'जिंकलो तर दहा टक्के' हे बोलायचंच नाही, ते नियमात बसत नाही, मोटार अपघाताच्या क्लेममध्ये तर कितीही गळ घातली तरी नाही. ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्याला विधी सेवा प्राधिकरणात पाठवा, महिलांना, एससी-एसटींना, आत असलेल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बऱ्याच लोकांना हे माहीतच नसते. लग्नात पंगतीत बसून सल्ला विचारणाऱ्या मावसभावांना मी सांगतो, कागद घेऊन ऑफिसला ये. दहातले नऊ येत नाहीत.

रात्रीच्या फोनचं सांगतो. 'उचललं' म्हटलं की तीन गोष्टी विचारा: कोणतं ठाणं, किती वाजता, कोणतं कलम. अटकेच्या वेळेपासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर आणावं लागते, म्हणून वेळ महत्त्वाची. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर पोलीस बरेचदा नोटीस देऊन बोलावतात, आता ती बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५ खाली असते, आधी ४१-अ म्हणायचो. घरच्यांना समजावा की नोटीस म्हणजे अटक नव्हे, पण गेलंच पाहिजे. जुने आकडे तोंडात बसले आहेत आपल्या सगळ्यांच्या, १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, सासरच्या छळाच्या ४९८-अ चं ८५ झालं, फसवणुकीच्या ४२० चं ३१८, अटकपूर्व जामीन ४३८ चा ४८२ झाला आणि जुन्या ४८२ चा (हायकोर्टात गुन्हा रद्द करायला जायचं ते) ५२८, यात तर सिनिअर लोकही अडखळतात. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर कलमं जुन्या आयपीसीचीच लागतात, म्हणून जुनं पुस्तक रद्दीत देऊ नका, अजून काही वर्षं दोन्ही लागणार.

उलटतपासणी हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि तो नवीन वकिलांना सगळ्यात कमी येतो, कारण ते सिनेमासारखे प्रश्न विचारतात. खालच्या कोर्टात पुरावा मराठीत लिहिला जातो आणि त्या लिहिण्याची स्वतःची मराठी आहे. साक्षीदार म्हणतो "मले का मालूम?" आणि स्क्रीनवर येते 'मी सांगू शकत नाही'. तो म्हणतो "हौ, पण त्यानंच आधी शिवी देल्ली ना" आणि नुसतं 'हे म्हणणे खरे आहे' एवढं टाइप झालं तर मागचं अर्धं हवेत जाते. म्हणून साक्षीदाराकडे नाही, स्क्रीनकडे बघायचं. जे तोंडातून निघालं आणि जे टाइप झालं त्यात फरक दिसला तर तिथल्या तिथं हळूच सांगायचं, "साहेब, साक्षीदार पुढे काही बोलला आहे." दुसऱ्या दिवशी सांगून उपयोग नाही, आणि अपिलात तर वरचे जज फक्त कागद वाचतात, त्यांना त्याचा आवाज ऐकू येत नाही. प्रश्न छोटे ठेवा, एका प्रश्नात एकच गोष्ट. "तुम्ही घरी होते आणि दार बंद होतं आणि तुम्हाला दिसलं नाही" यावर तो 'नाही' म्हणाला तर नेमकं कशाला नाही म्हणाला? हवं ते उत्तर मिळालं की थांबा. मी एकदा नाही थांबलो, आणखी एक प्रश्न विचारला 'मग तुम्हाला कसं समजलं?', आणि त्या बाईनं इतकं व्यवस्थित सांगितलं की समोरचा वकील मला बाहेर येऊन थँक यू म्हणाला.

काय घ्यायचं नाही तेही ठरवा. मी जीएसटी घेत नाही, एनडीपीएस (अमली पदार्थांच्या केसेस) घेत नाही, हायकोर्टात माझं अपील असेल तर ड्राफ्टला तिथं रोज उभं राहणाऱ्याला सोबत घेतो. आपल्याकडे खंडपीठ हाकेच्या अंतरावर आहे, विदर्भाचे अकराही जिल्हे तिथं येतात, म्हणून प्रत्येकाला वाटते आपणही जाऊन रिट टाकून यावं. जावं, पण आधी सहा महिने मागच्या बाकावर बसून ऐकावं. तालुक्याच्या कोर्टाचं मॅटर घेताना गाडीचा वेळ धरा, काटोलची तारीख आणि न्यायमंदिरातला युक्तिवाद एकाच दिवशी ठेवणाऱ्याचं दोन्हीकडे नुकसान होते.

मे महिन्याचं काय सांगू. पंचेचाळीस डिग्रीत काळा कोट. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात कोट घातलाच पाहिजे असं नाही, नियमच आहे तसा, पण जिल्हा आणि सत्र न्यायालयात गळ्याला बँड लागतो. पांढरे शर्ट जास्तीचे ठेवा, गाडीत पाण्याची बाटली आणि कांदा, हसू नका, आणि कोर्टाच्या फायली गाडीच्या डिकीत ठेवू नका, प्लास्टिकचे फोल्डर चिकटून शाई उठते.

शेवटी केस संपली, किंवा अशिलाला दुसरा वकील करायचा आहे, हे होणारच, तेव्हा तोंड वाकडं न करता एनओसी द्या. फी बाकी असेल तर वेगळी मागा, कागद अडवून धरू नका. अस्सल कागद तर मुळात ठेवूच नका, पहिल्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ परत द्यायचे, कोर्टात लावायचे असतील तेव्हाच मागवायचे. फाइल परत देताना एका कोऱ्या कागदावर यादी करा, पान एक ते शेवट, खाली अशिलाची सही आणि तारीख, आणि तो कागद तेवढा आपल्याकडे ठेवा. माझ्या कपाटात अशा याद्यांचा एक वेगळा खण आहे, सगळ्यात वरची मागच्या गुरुवारची.